पोचट म्हटलं म्हणून

बाबा, आज मी तुमच्यासारखी प्रार्थना केली. तुमच्याच चर्चमध्ये, तुम्ही उभे राहायचात त्याच जागी, तुमच्यासारखे डोळे मिटून आणि हात खांद्यापर्यंत उचलून. आणि तुम्ही करायचात तेच केलं. देवाशी बोलायचं निमित्त करून एका माणसाचं सगळं चारचौघांत मांडलं. त्या माणसाला उत्तर देता येणार नव्हतं. तो माणूस तुम्ही होतात. गावाबाहेर चिंचेखाली तुम्हाला मातीत ठेवलं त्याला खूप वर्षं झाली, तिथपर्यंत माझा आवाज पोचला की नाही मला ठाऊक नाही. पोचला नसेल तर, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला कळल्याशिवाय माझं समाधान व्हायचं नाही, आणि मला समाधान हवं आहे. क्षमेचं नंतर बघू.

तुमची ती पद्धत आठवली की अजून माझे कान तापतात. करडीत आपली ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळं गाव धान पिकवणाऱ्या हिंदू शेतकऱ्यांचं. पण तेही वाटेत तुम्हाला जय मसीह म्हणायचे, कारण तुम्ही सज्जन होतात. अर्धा दिवस आपल्या धानाच्या बांधीत राबायचात, अर्धा दिवस मंडळीचे पास्टर म्हणून फिरायचात. कधी कुणावर ओरडला नाहीत, कुणावर हात उचलला नाहीत. तुम्हाला गरजच नव्हती. कुणी चुकलं की रविवारी तुम्ही प्रार्थना करायचात. सुरुवात पुस्तकी, दयाळू स्वर्गीय पित्या वगैरे, मग ती हळूच गावच्या बोलीत उतरायची, आणि ती उतरली की सगळ्यांना कळायचं, आज कुणाची तरी पाळी आली. कुणी दारू प्यायलं, कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला, कुणाच्या सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं, सगळं तुम्ही देवाच्या कानावर घालायचात. नाव घ्यायचा नाहीत, पण खाणाखुणा अशा द्यायचात की नाव घेतलेलं परवडलं असतं. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ज्याचं होतं त्यानंही म्हणायचं, नाहीतर तो उघडा पडायचा.

एकदा मी डब्यातला गूळ चोरून खाल्ला होता. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत तुम्ही म्हणालात, प्रभू, या घरात कोनाचे तरी हात चिकट झाले हायेत, ते धुऊन काढ. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं तर तुमचाही एक डोळा उघडा, आणि माझ्यावर रोखलेला. मी घाईनं आमेन म्हणाले आणि हात पाठीमागे लपवले. चुलीपाशी बसलेली आई तोंडाला पदर लावून हसत होती, तिचे खांदे हलत होते. तेव्हा ती हसायची. म्हणून ही आठवण मी जपून ठेवली आहे, तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तुमचा सगळा उपदेश एकाच गोष्टीभोवती फिरायचा, तोंडातून निघणारा शब्द. देवानं हे जग हातानं केलं नाही, बोलून केलं, आणि माणसाला आपल्यासारखं केलं म्हणजे त्याला बोलणारं तोंड दिलं, असं तुम्ही सांगायचात. बोललेला शब्द बी आहे, पडला की उगवणारच. म्हणून आपल्या घरात कितीतरी शब्दांना बंदी होती. तांदूळ संपले म्हणायचं नाही, तांदूळ येऊन राहिले म्हणायचं. थकले, जमत नाही, मेले बाई, यातलं काही म्हणायचं नाही. ताप आला हे तर मुळीच नाही, कारण आजाराचं नाव घेतलं म्हणजे त्याला घरात बोलावलं. मला ते सगळं आवडायचं, खोटं कशाला सांगू. शाळेच्या परीक्षेला निघाले की तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचात, "हे पोरगी हजार लोकायसमोर बोलन, आन् लोकं हिचं आयकतीन." तो हात जड आणि उबदार असायचा, त्याला धानाच्या तुसाचा वास यायचा. दुसरं काही तुम्ही मला दिल्याचं आठवत नाही. हे एक दिलंत.

आई आसगावची, हिंदू घरातली. तुमच्याशी लग्न करून ती ख्रिस्ती झाली, मनापासून झाली, पण बोलण्याची रीत माहेरचीच राहिली. तिच्या माहेरी जीव जितका जास्त तितकं त्याला वाईट म्हणायचे. लेकरं दगावणाऱ्या घरात पुढच्याचं नाव कचरू ठेवायचे, गोंडस पोरीला काळुंद्री म्हणायचे, म्हणजे वाईट नजरेला वाटावं की इथं नेण्यासारखं काही नाही. माझा भाऊ जन्मला तेव्हा आईनं त्याच्या गालाला काजळाची तीट लावली. तुम्ही ती पुसलीत. मनगटाला काळा दोरा बांधला, तो तुम्ही विळ्यानं कापलात. आपण विश्वासणारे आहोत, हे चालणार नाही, म्हणालात. मग तिच्यापाशी फक्त जीभ उरली. शेजारीण बाळाला बघायला आली आणि म्हणाली, किती गुटगुटीत आहे जी. आई लगेच म्हणाली, "कायचं गुटगुटीत व. निरा पोचट हाये." आणि म्हणता म्हणता त्याच्या गालाला गाल घासला. वरून भरलेली दिसणारी आणि आत दाणा नसलेली लोंबी, तिला आपण पोचट म्हणतो, उफणताना वाऱ्यावर जाते ती. तेवढं वाईट नाव तिला त्याच्यासाठी सापडलं, कारण तेवढा जीव होता. पुढे त्याला ती तेच म्हणायला लागली, ऊठ रे पोचट, पी रे पोचट. तुम्ही दारातून ऐकलंत आणि तिला बजावलंत की हा शब्द तोंडातून काढू नोको. ती हसून म्हणाली, लाडानं म्हनते मी.

मग रोवणीचे दिवस आले आणि बाळाचं अंग तापलं. आई म्हणाली, मोहाडीला दवाखान्यात नेऊ. तुम्ही म्हणालात, दवाखान्यात जाणं म्हणजे आजार आहे असं कबूल करणं. "तो बरा झालेला हाये. तू फक्त तसं म्हन." आणि ती म्हणत राहिली. तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन डोलत, माहा लेकरू बरा हाये, माहा लेकरू बरा हाये, दिवसभर. मी शाळेतून येते, त्याच्या पायाला हात लावते आणि म्हणते, बाबा, हा गरम आहे. तुम्ही माझ्या ओठांवर बोट ठेवता. तुमच्या बोटाला चिखल आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं आईचं दूध घ्यायचं सोडलं तेव्हा तुम्ही कुणाची तरी मोटरसायकल मागून आणलीत. आई त्याला घेऊन तुमच्या मागे बसली, मी हट्टानं पुढे टाकीवर बसले. मोहाडीला दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं, ताप कधीपासून आहे? आणि तुम्ही म्हणालात, "ताप नाही जी."

मी तिथे होते, बाबा. सिस्टरनं बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि ती तुमच्याकडे बघतच राहिली. आई तुमच्या मागे उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती अजून तेच म्हणत होती. त्यांनी लगेच बाळाला आत नेलं, धावपळ केली, पण आपण फार उशिरा गेलो होतो. त्या दुपारी तो गेला.

पुढच्या रविवारी तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात. मला वाटलं, आज तुमची पाळी. लहान होते, माझी समजूत अशी की ज्यानं केलं त्याचंच प्रार्थनेत येतं. सुरुवात नेहमीसारखी झाली, मग आवाज खाली आला, बोली आली. "प्रभू," तुम्ही म्हणालात, "ज्या तोंडानं आशीर्वाद द्याचा त्या तोंडानं लेकराले पोचट म्हटलं. बोललेलं उगवलं. तू तिले क्षमा कर." तिले म्हणालात तुम्ही, मले नाही. तुम्हाला काय झालं होतं ते ठाऊक होतं, मला पक्कं माहीत आहे, कारण मोहाडीहून परत येताना सगळ्या वाटेत तुमचे हात हँडलवर थरथरत होते. देवापुढे स्वतःची कोणती चूक न्यायची हे तुमच्या लक्षात आलं होतं, आणि तुम्ही ते उचलून तिच्या पदरात टाकलंत. सगळी मंडळी आमेन म्हणाली. आईही म्हणाली, स्पष्ट, सगळ्यांच्या मागून एकटी.

त्यानंतर ती बोलायची थांबली. मुकी झाली असं नाही. मीठ दे, दार लाव, पाणी तापलं, एवढं बोलायची. पण कुणाबद्दल बरं नाही की वाईट नाही. तिनं मला कधी शहाणी म्हटलं नाही, कधी गाढव म्हटलं नाही. मी परीक्षेला निघाले की दारात उभी राहून तोंडावर पदर दाबून धरायची, चुकून काही निसटू नये म्हणून. तोच पदर, ज्याच्या आड ती हसायची. आणि तुम्ही मंडळीला काय सांगितलंत? आमच्या घरच्यांनी जिभेवर ताबा मिळवला आहे, हिच्याकडून शिका. लोक कौतुकानं तिच्याकडे बघायचे आणि ती जमिनीकडे. माझ्या आईचा आवाज तुम्ही घेतलात आणि वर त्याचा उपदेश केलात. याचा राग मला अजून येतो, भाजी चिरताना येतो, गाडीत बसल्यावर येतो. वय वाढलं की राग निवतो म्हणतात लोक, माझा काही निवला नाही.

तुमचं माझ्याबद्दलचं बोलणं मात्र खरं ठरलं, हे आणखी एक दुखणं. मी भंडाऱ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. माइकवर माझा आवाज जातो आणि खरंच हजार लोक ऐकतात. मी म्हटलं पवनीची गाडी तीन नंबरच्या फलाटावर, की माणसं पिशव्या उचलून तीन नंबरकडे पळतात. म्हाताऱ्या बायका पळतात, कडेवर लेकरं घेतलेल्या पळतात. तिथे मला शब्दाची ताकद कळली, चर्चमध्ये नाही. आणि तिथेच एक नियम शिकले, जो तुम्ही कधी शिकवला नाहीत. चुकीची घोषणा झाली तर ती त्याच माइकवरून मागे घ्यायची, तेवढ्याच मोठ्या आवाजात. खिडकीत येणाऱ्या एकेकाला हळूच सांगून भागत नाही, कारण चुकीचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी वर्षानुवर्षं वाट पाहिली की तुम्ही रविवारी उभे राहाल आणि म्हणाल, त्या दिवशी इथून चुकीचं बोललं गेलं. तुम्ही एका सकाळी बांधावर बसल्या बसल्या गेलात. किती चांगलं मरण, लोक म्हणाले, एक शब्दही बोलावा लागला नाही. मला तर वाटलं, निसटलात.

कदाचित मी तेही गिळलं असतं. पण लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, मी आशा सोडली तेव्हा, मला मुलगा झाला. बाळंतपणाला करडीला आले. आईनं त्याला न्हाऊ घातलं, शेक दिला, मांडीवर घेऊन तासन्‌तास बसली, पण तोंडातून एक शब्द नाही. ना अंगाई, ना अले लेले, ना साधं रडू नको. तो रडायला लागला की ती ओठ घट्ट मिटून त्याला थोपटायची. तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, बाळं बघतात तसा, आता काही येईल म्हणून. मी म्हटलं, आई, बोल ना त्याच्याशी. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "नोको. माह्या तोंडाले धार हाये." हे तुमचं वाक्य नव्हतं, तिचं स्वतःचं होतं, इतक्या वर्षांत आत तयार झालेलं. त्या दिवशी मी ठरवलं की माझं लेकरू या घरात मुक्या मांडीवर वाढणार नाही.

संधी मंडळीनंच दिली. चर्चवरची कौलं जाऊन स्लॅब आला, त्याच्या उपकारस्तुतीची सभा आज होती. टेबलावर तुमचा फोटो ठेवला होता. पास्टरबाबांच्या सेवेबद्दल त्यांच्या मुलीनं आभाराची प्रार्थना करावी, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आई पहिल्या सतरंजीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. नवा माइक होता, तो कसा धरायचा ते मला कुणी सांगायला नको. मी दयाळू स्वर्गीय पित्यापासून सुरुवात केली, तुमच्या कष्टाचे आभार मानले, तुम्ही सायकलवर किती गावं फिरलात ते सांगितलं. मग आवाज खाली आणला. तो इतका सहज खाली आला की माझ्या अंगावर काटा आला. "प्रभू," मी म्हणाले, "माह्या मायनं लेकराले शाप नाही देला. तिची तीट पुसली, म्हनून तिनं तोंडानं तीट लावली. लेकरू तापानं गेलं. आन् ज्याले आमी पास्टर म्हनतो तेनं तापाचं नाव घेऊ देलं नाही, दवाखान्यात सुद्धा घेतलं नाही. त्या रविवारी इथून जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. ते मी इथूनच मागं घेते."

पुढच्या रांगेतले म्हातारे काका, जे तुमच्या काळापासून वाक्यावाक्याला आमेन म्हणतात, ते सवयीनं तापाच्या वाक्यालाही मोठ्यानं आमेन म्हणून बसले आणि मग खोकायला लागले. बाकी कुणाचं आमेन आलं नाही. मी थांबले. पंखे फिरत होते. मला तो सन्नाटा आवडला, बाबा, मनापासून आवडला. तुमच्या नावावर आमेन म्हणायला कुणी तयार नाही आणि नाही म्हणायचीही कुणाची छाती नाही, हे बघायला तुम्ही असायला हवे होतात. मी डोळे उघडले. आईचे डोळे आधीच उघडे होते. मी इतकी वर्षं मनात रंगवलेली सुटका तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

लोक मला जय मसीह न म्हणता पांगले. आम्ही दोघी तलावाच्या काठानं, पाळीवरून घरी निघालो, बाळ तिच्या खांद्यावर. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "तूनं बी तेच केलं. डोळे मिटून मानसाले मारलं. मले तेनं मारलं तवा मले आमेन तरी म्हनता आलं. तेले कोन म्हनू देते?" आणि जरा चालून म्हणाली, "आवाज बी तेचाच हाये तुहा." इतकं सलग बोलताना मी तिला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि संतापही आला, की आजही ती तुमचीच बाजू घेते. मी म्हटलं, ते जाऊ दे, मी बोलले ते खरं होतं की खोटं, तेवढं सांग. ती थांबली. तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "खरं होतं," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. मागच्या दारातून शेजारीण आली, तीच, आता दात पडलेली. चर्चमध्ये काय झालं हे गावभर पसरलं असणार, पण ती त्याबद्दल बोलली नाही. बाळाकडे बघून म्हणाली, नातू काय गोरापान दिसते जी. आई चुलीत फुंकर घालत होती. तिनं तोंड वर केलं, पदर शोधला नाही, आणि म्हणाली, "कायचा गोरापान व. निरा पोचट हाये."

शेजारीण हसली. आई बाळाला उचलून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पुन्हा म्हणाली, पोचट रे, माहा पोचट, आणि बाळ तिच्या ओठांकडे बघत हात मारायला लागलं. मी आत येऊन हे लिहायला बसले. तुमच्या हिशेबानं बोललेलं उगवतं, लिहिलेल्याचं तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत, म्हणून एक गोष्ट फक्त लिहिते, ओठ मिटून. तुम्हाला स्वर्गात जागा मिळो, आणि ती माझ्या भावाच्या समोरची असो. तो आता बोलायला शिकला असेल. त्यानं तुम्हाला रोज विचारावं की ताप कधीपासून होता. हे पत्र मी तुमच्या चिंचेखाली नेऊन वाचणार नाही, आई जेवायला हाक मारेल तेव्हा चुलीत घालीन.

फक्त एक सांगायचं राहिलं. आईनं बाळाला पोचट म्हटलं ना, तेव्हा मी उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. थंड होतं. तरी पुन्हा लावून पाहिला.